तुमची उजवी, माझी डावी

– नाही हो, त्यांच्यावर नका रागावू. सुई टोचायच्या वेळी दार ढकलून कुणी आत येतं का, हे तुमचं अगदी बरोबर, पण ते 'कुणी' नाहीत, माझे सासरे आहेत, आणि ते हातात कागद घेऊन दारात उभे राहिले की मी हातातलं खाली ठेवते. मग खुर्चीत कुणीही असो. – तुम्हाला टोचून झालं होतं ना पण? झालं होतं. मग झालं तर. – थांबा, हा दिवा जरा बाजूला करते, डोळ्यांत जातोय तुमच्या. तोंड मिटलंत तरी चालेल. आता दहा-पंधरा मिनिटं जबडा बधिर होईपर्यंत नुसतं बसायचं, आणि बोलायचं नाही – बोललात की जीभ दाताखाली येते आणि कळत नाही, कळतं ते घरी गेल्यावर. मी बोलते. समोरचा उलट बोलत नाही, हे एवढं एकच सुख आहे या धंद्यात.

काय विचारायला आले होते, ऐकलंत का? 'डॉक्टर, दात हलतो म्हणायचं की डळमळतो?' बस्स, एवढंच. घरी मी 'अगं' असते, इथे 'डॉक्टर' – शिस्तीचे आहेत. आणि मी काय सांगितलं? हलतो. डळमळते ती खुर्ची. – हसू नका, तोंडात लाळ साठलीय, गळेल. हा घ्या कागद, पुसा. – तर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी बाईनं सुई खाली ठेवली? ठेवली. कारण मागे एकदा नाही ठेवली, आणि त्याचं काय काय झालं – सांगू? सांगतेच. तुम्ही तरी कुठे जाताय.

बाहेर टेबलावर तो कॉम्प्युटर आहे ना, त्यात एक प्रोग्राम आहे, लहान दवाखान्यांसाठीचा. कुणाला कधी बोलावलंय, कुणाचा कुठला दात, काय केलं, काय राहिलं, सगळं त्यात. फुकट आहे. फुकट म्हणजे 'महिनाभर फुकट, मग बघू' तसलं नाही, खरंच फुकट. कुठकुठली माणसं आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात तो बनवतात – कुणी बनवतं, कुणी मोडलेलं जोडतं, कुणी लोकांच्या शंकांना उत्तरं देत बसतं, कुणी आपापल्या भाषेत आणतं. का करतात? पगार नाही, पाटी नाही, हार नाही. मला तर वाटायचं रिकामटेकडे असतील. घरात कुणी विचारत नसेल, म्हणून बसत असतील तिथे. – हे वाक्य लक्षात नका ठेवू. चुकून बोलले.

तर त्यात तोंडाचं एक चित्र असतं. सगळे दात गोलात मांडलेले. आपण दाढेवर टिचकी मारायची, की खाली आपोआप ओळ उमटते – 'खालची उजवी, मागून दुसरी, काढणे'. छान सोय. आता यात एक मेख आहे. तुम्ही माझ्यासमोर तोंड करून बसलात, तर तुमची उजवी बाजू माझ्या कुठल्या हाताला येते? डाव्या. म्हणून दातांच्या चित्रात डावीकडे लिहितात 'उजवी' आणि उजवीकडे लिहितात 'डावी'. सगळे दंतवैद्य असंच लिहितात, आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवतात, पुढे ते इतकं अंगवळणी पडतं की ते कुणाला विचित्र वाटेल हेच विसरायला होतं. पण नवख्या माणसानं पाहिलं तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, छापणाऱ्यानं घोळ घातलाय.

आणि आमचे बाबा, म्हणजे हेच सासरे, कोण? चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणारे. चाळीस वर्षं, रोज आठ तास, दुसऱ्याच्या चुका. असा माणूस घरात असला की काय होतं ठाऊक आहे? औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दुरुस्त होते. विजेचं बिल दुरुस्त होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'गाडी उभी करु नये' अशी पाटी आहे, त्या 'रु'ला ते खडूनं शेपूट काढून आले – दीर्घ. पाऊस आला की पुन्हा जातात. माझं पदवीचं प्रमाणपत्र, ते बघा, तुमच्या डोक्यामागे – बघू नका, हलू नका – त्याच्या समासात पेन्सिलीनं बारीक खूण आहे. विद्यापीठाची वेलांटी चुकली होती. मी म्हटलं, बाबा, त्यावर कुलगुरूंची सही आहे हो. म्हणाले, 'सही बरोबर आहे. वेलांटी चुकलीय.'

सासूबाई गेल्या आणि हा माणूस घरात नुसता खिडकीशी बसायला लागला. वर्तमानपत्र उघडायचे आणि पान उलटायचेच नाहीत. आमचे हे सर्वेक्षण खात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मग मी म्हटलं, बाबा, दवाखान्यात बसा, फोन घ्या, तारखा द्या. आले. आठवडाभरात सगळ्या तारखा शुद्ध! आणि मग बघता बघता कॉम्प्युटरवर बसायला लागले – काम नसेल तेव्हाही. दुपारी जेवण झालं की, 'मी जरा बसतो.' काय करता हो बाबा? 'काही नाही, वाचतो.' मी म्हटलं, वाचू दे. बरं आहे. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण बाहेर चार माणसं गाल धरून बसलेली असली की घरचं माणूस काय वाचतंय हे कोण विचारतं?

झिणझिण्या आल्या का? अजून नाही? येतील.

तर एक दिवस तो प्रोग्राम नवा झाला. सकाळी उघडला, तर सगळं आपल्या भाषेत! आधी निम्मं परक्या भाषेत असायचं, आता बटणं, सूचना, सगळं असं सुंदर – 'जतन करा', 'पुढील भेट', 'रुग्णास चूळ भरण्यास सांगावे'. मला बरं वाटलं. कुणी केलं असेल, असा विचारसुद्धा मनात आला नाही. आणि चौथ्या दिवशी तो प्रकार झाला. – नाही, भलता दात नाही काढला! डोळे कशाला एवढे मोठे करताय? भलत्या बाजूला सुई दिली. एवढंच. पेशंटची उजवी दाढ काढायची होती, मी आदल्या दिवशी चित्रावर बरोबर टिचकी मारलेली, पण ओळ उमटली होती 'खालची डावी'. मी ओळ वाचली आणि डावीकडे टोचलं. तोंडात बघून टोचायला हवं होतं? हवं होतं. एक्स-रे बघायला हवा होता? हवा होता. चार माणसं बाहेर. – मग दहा मिनिटांनी पेशंट म्हणतेय, दुखतंय ती बाजू जागी आणि न दुखणारी झोपलीय. मग काय करणार? तिकडेही दिली. दोन्हीकडे. दाढ काढली, बरोबर काढली, काही बिघडलं नाही. फक्त त्यांची जीभ, दोन्ही गाल, खालचा ओठ, हनुवटी – सगळं चार तासांसाठी गेलं. आणि त्या होत्या बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाई.

त्या दुपारी कामावर हजर होणं भाग होतं त्यांना. बदली माणूस नव्हता. आणि तुम्ही कधी सात, पाच आणि आठ जिभेशिवाय म्हणून पाहिलेत? तिन्ही 'थाथ'. 'थलाथ क्लमांक थाथ' – अख्खं स्थानक इकडून तिकडे पळतंय, सातवाले पाचवर, पाचवाले आठवर – हात का वर केलात? दुखतंय? नाही? – तुम्ही होतात? त्या दुपारी? अरे देवा. मग पोचलात कुठे? – लांब? – मुक्काम करावा लागला? – आणि तुम्ही अजूनपर्यंत कुणाला धरून शिव्या देत होतात, त्या बाईंना? त्यांचा काही दोष नाही हो. दोष – सांगते ना. थोडं पुढे ऐका, मग कुणाला द्यायच्या ते ठरवा.

मी पेटले. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्या प्रोग्रामवाल्यांचा तो मदतीचा कट्टा असतो, तिथे गेले. तिथे सगळे टोपणनावानं वावरतात. मी घेतलं 'त्रस्त डॉक्टर'. आणि लिहिलं – 'तुमच्या भिकार प्रोग्राममुळे आज माझ्या हातून एका बाईचं वाटोळं होता होता राहिलं, ताबडतोब दुरुस्त करा', पुढे अकरा उद्गारचिन्हं. मोजून. दहा मिनिटांत उत्तर आलं. कुणी 'सुतारपक्षी' नावाचा. 'नमस्कार. कोणती आवृत्ती वापरता? आपण नेमके काय केलेत? काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले?' चार प्रश्न. बघा आता, मी पेशंटला विचारते – कुठे दुखतं, कधीपासून, गार लागलं की दुखतं की गरम – अगदी तसं मला विचारतोय! मी म्हटलं, मी पेशंट आहे का? तक्रार केलीय, दुरुस्त कर! तो म्हणतो, प्रोग्रामची नोंदवही पाठवा. आता प्रोग्रामची नोंदवही म्हणजे काय ते मला काय माहीत? मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि पाठवला. त्यात पडद्यापेक्षा मीच जास्त दिसत होते, तोंडाला पट्टी, कपाळावर दिवा. तो म्हणतो, 'फोटोतले गृहस्थ कोण?' गृहस्थ!

मग जुंपली. मी लिहिलं, असल्या निष्काळजी माणसांच्या हाती लोकांचे दात देता? तो म्हणे, आम्ही हे नोकरी-संसार सांभाळून विनामूल्य करतो. मी म्हटलं, फुकट दिलंत म्हणजे काय उपकार केलेत? तर म्हणतो कसा, 'आपण समाधानी नसाल तर आपण भरलेली सगळी रक्कम परत करू. कृपया खाते क्रमांक कळवावा.' आणि मी रागाच्या भरात – तुम्हाला खोटं वाटेल – क्रमांक टाइप करायला घेतला! सहा आकडे झाले तेव्हा ट्यूब पेटली, भरलंय काय मी? अशी अपमानानं लाल झाले म्हणून सांगू. मध्येच एक गुरांचा डॉक्टर घुसला, म्हणे मी पण हाच प्रोग्राम वापरतो, यात शिंगं कुठे नोंदवायची? त्याला सुतारपक्ष्यानं अर्धा तास प्रेमानं समजावलं. शिंगांना वेळ आहे, माझ्या दाढेला नाही! माझी तक्रार त्यानं 'माहिती अपुरी' म्हणून बंद केली. मी उघडली. त्यानं बंद केली. मी उघडली. सात वेळा. दोन पेशंटच्या मध्ये हातमोजे काढून उघडायचे मी, पुन्हा मोजे घालायचे. हातमोज्यांचं एक खोकं संपलं त्या आठवड्यात.

पण माणूस चिकट. टकटक टकटक – नाव बरोबर घेतलंय. चौथ्या दिवशी त्यानंच शोधून काढलं. म्हणाला, बाई, क्षमा करा, तुमचं खरं आहे. बाकी सगळ्या भाषांत चित्र बरोबर आहे, फक्त तुमच्या भाषेत डावं-उजवं उलट झालंय. भाषांतरात. भाषांतर करणारे आमचे एक स्वयंसेवक आहेत, त्यांना कळवतो. झालं! मला जिंकल्याचा कैफ चढला. मी लिहिलं, अजून तोंडपाठ आहे – 'हे भाषांतर कोणत्या गाढवाने केले? ज्याला स्वतःचा डावा-उजवा हात कळत नाही त्याला आधी बालवाडित बसवा आणि मग लोकांच्या तोंडात घाला.' बावीस जणांनी त्याला अंगठे दिले. बावीस! कॉलेजात वक्तृत्वात भाग घेतला होता, तिथेही बावीस जणांनी टाळ्या नव्हत्या वाजवल्या.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाताना, मी ते बाबांना वाचून दाखवलं.

हो ना. दाखवलं. हातवारे करून. 'बाबा, ऐका, कसला हाणलाय एकाला.' ते जेवत होते. घास हातात राहिला, मग खाल्ला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ''बालवाडीत'मधली वेलांटी दीर्घ हवी.' मी म्हटलं, बरं बाबा. आणि हात धुवायला उठले.

संध्याकाळी कट्ट्यावर उत्तर होतं. लिहिणाऱ्याचं नाव 'कानामात्रा'. – तुम्ही भुवया उडवताय. तुम्हाला कळलं. सगळ्यांनाच कळतं, मलाच नाही कळलं! माणूस भांडायला लागला ना, की त्याला समोरचाच दिसतो फक्त, शेजारचा दिसत नाही. लिहिलं होतं – 'चूक माझी आहे. चित्रात उजवी-डावी उलट छापली गेली असावी असे समजून मी ती दुरुस्त केली. ती चूक नव्हती. तज्ज्ञांना विचारायला हवे होते. ज्यांना त्रास झाला त्यांची क्षमा मागतो. उजवी-डावी पूर्ववत केली आहे. आजपासून हे काम थांबवतो.' एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक अनुस्वार चुकलेला नाही. मी वाचलं, म्हटलं, खोड मोडली. आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेले. बाबा माझ्या शेजारीच चालत होते, पिशवी घेऊन.

त्यानंतर बाबा गप्प. म्हणजे आधीही बोलके नव्हतेच, पण हे गप्प वेगळं. दुपारी 'मी जरा बसतो' बंद. नुसते टेबलाशी बसायचे, हात मांडीवर. मला वाटलं वय झालं, शहात्तर म्हणजे काही कमी नाही. मग पाऊस झाला, गल्लीतल्या पाटीचा खडू धुऊन गेला आणि बाबा शेजारून तसेच चालत निघून आले. बघितलं त्यांनी, मी त्यांची नजर पाहिली ना, 'रु' बघितला, ऱ्हस्व. आणि पुढे गेले. मी घाबरले हो. त्याच दुपारी त्यांचा रक्तदाब घेतला. नॉर्मल. साखर पाहिली. नॉर्मल. म्हटलं, बाबा, डोळे तपासून घ्या, चुका दिसत नाहीत का तुम्हाला? म्हणाले, 'दिसतात. पण आपण कोण?'

मग डोळे तपासायला गेले ते एका सकाळी, मी बळेच पाठवलं. आणि त्या दिवशी बाहेरच्या टेबलावर मी बसले, एकाला पावती छापून द्यायची होती. तर तो कट्टा उघडाच. वर कोपऱ्यात नाव – कानामात्रा. – काय वाटलं म्हणून विचारताय डोळ्यांनी? दातावर घाव बसावा ना, मुळात, तसं. आधी काहीच नाही. मग एकदम सगळं. तो पावतीवाला माणूस हात पुढे करून उभा, आणि मी त्याला म्हणतेय, बसा, बसा, चूळ भरा.

खासगी पत्रं होती. वाचू नयेत दुसऱ्याची. वाचली. त्या सुतारपक्ष्याची आणि बाबांची. किती महिन्यांची! चौदाशे वाक्यं केली होती बाबांनी, एकट्यानं. एकेका शब्दावर दोन-दोन दिवस. तो सुतारपक्षी त्यांना 'काका' म्हणतो. आणि अलीकडचं एक पत्र त्याचं – 'काका, परत या. त्या त्रस्त डॉक्टरचं मनावर घेऊ नका. बाई भयंकर आहे. तिच्या घरच्यांची मला कीव येते.' आणि त्याखाली बाबांचं उत्तर, दोन शब्द – 'घरचे बरे आहेत.' 

... – काही नाही. पट्टीचा धागा डोळ्यात गेला.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी अजून खाली गेले. सुतारपक्ष्यानं विचारलं होतं – 'काका, एक कोडं आहे. काम सुरू करतानाच तुम्ही मला लिहिलं होतंत, "घरातच दंतवैद्य आहेत, त्यांना विचारूनच करतो." मग कट्ट्यावर का लिहिलंत की तज्ज्ञांना विचारायला हवं होतं?' आणि बाबांनी – अं, तुमचा जबडा बघू. जड झाला? इथे दाबते, कळतंय? थोडं कळतंय. अजून दोन मिनिटं. – काय? पुढचं? पुढचं काही विशेष नाही. बाबांनी लिहिलं होतं काहीतरी.

बरं, सांगते. हळू बोलते, दार पातळ आहे. लिहिलं होतं – 'विचारले होते. त्या कामात होत्या. घाईत हो म्हणाल्या. घाईतला हो हा हो नसतो, हे मला कळायला हवे होते. त्यांचे नाव इथे यायला नको. दवाखाना आहे त्यांचा.'

आणि मग मला आठवलं. लख्ख. इथेच, याच खुर्चीशी मी उभी, कुणाच्या तरी तोंडात दोन्ही हात, आणि बाबा दारात कागद धरून. 'डॉक्टर, चित्रात उजवी बाजू डावीकडे छापलीय, ही चूकच ना?' मी वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, 'हो हो बाबा, करा बरोबर.' कसली चूक, कुठलं चित्र, काय – काही विचारलं नाही. त्यांना बाहेर घालवायचं होतं मला. 'करा बरोबर.' त्यांनी केलं.

तर असं आहे. त्या घोषणावाल्या बाईंची जीभ, तुमचा तो मुक्काम, सात वेळा उघडलेली तक्रार, गाढव, बालवाडी – गाढव कोण? बोला. – बोलू नका.

मग काय करणार? माफी मागायची. सोपं आहे. कट्ट्यावर लिहायला बसले, 'त्रस्त डॉक्टर' लिहितेय की – पुसलं. पुन्हा लिहिलं. पुसलं. बाबांसमोर उभी राहिले संध्याकाळी, तोंड उघडलं आणि म्हटलं, 'बाबा, डोळ्यांचं काय म्हणाले?' ते म्हणाले, 'नवा नंबर.' संपलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं. प्रोग्राम पुन्हा नवा झाला होता, आणि नवी वाक्यं सगळी परक्या भाषेत, दोनशे बारा. मी म्हटलं, बाबा, हे मला काही कळत नाहीये, हे आपल्या भाषेत करणारं कुणी असतं का हो? मोठ्या निरागसपणे. बाबांनी पडद्याकडे बघितलं. 'असेल कुणीतरी.' मी म्हटलं, तुम्हाला कुठे भेटले तर त्यांना सांगा, एक दंतवैद्य आहेत, दुपारी दोन ते तीन रिकाम्या असतात. डावं-उजवं विचारायचं असेल तर विचारा. आणि दोन ते तीन सोडून कधीही आलात – आले, म्हणजे ते जे कोणी असतील ते – तरी चालेल. हातातलं खाली ठेवीन. बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते. नवा चष्मा, स्वच्छच होता. मग म्हणाले, 'सांगून बघतो.'

आणि सांगितलं त्यांनी. त्या 'कुणीतरी'ला! दुसऱ्या दिवसापासून सुरू. आता रोज दुपारी आम्ही दोघं बसतो, आणि अजूनही सोंग तेच – 'ते विचारतायत, हिरडी सुजणे की हिरडी फुगणे?' मी म्हणते, त्यांना सांगा, सुजणे, फुगतो तो फुगा. 'ते म्हणतायत, उत्तम.' भांडतोसुद्धा. 'दाढेची पोकळी भरणे'वरून तीन दिवस बोलत नव्हतो. त्या पाटीवर खडू दिसला का तुम्हाला येताना? हां. – आणि मी पण आता कट्ट्यावर उत्तरं देते. लोक काय लिहितात हो! परवा एकानं लिहिलं, 'या प्रोग्रामवाल्यांना अक्कल आहे का', पुढे सात उद्गारचिन्हं. मला राग नाही आला. सातच? मी लिहिलं, 'नमस्कार. कोणती आवृत्ती? काय केलंत? काय व्हायला हवं होतं? काय झालं?' सुतारपक्ष्यानं खाली अंगठा दिला. त्याला अजून माहीत नाही काका कुणाच्या घरी राहतात ते. त्याला काय, कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कसं सांगितलं कोण जाणे. दहा मिनिटांत एवढं बोलायची गरज नव्हती.

चला. आ करा. मोठा. हे टोचतंय? नाही. हे? नाही. कुठली दाढ, बोटानं दाखवा. ही. तुमची उजवी. एक्स-रे – उजवी. – बाबा! खालची उजवी, मागून दुसरी, बरोबर? – ऐकलंत, 'बरोबर' म्हणाले. खुर्चीचे हात धरा. पक्कड लागेल, दाब येईल, दुखणार नाही. मान माझ्याकडे. श्वास नाकानं. हं. हं. अजून जरा. मुळं लांब आहेत तुमची, हट्टी आहे – हलली. आली. बघा, केवढी. नको बघायला? बरं. हा कापूस. इथे. चावून धरा, घट्ट. रक्त थांबेपर्यंत काढायचा नाही, आज गरम काही नाही, थुंकायचं नाही सारखं.

काय? कळत नाहीये, काय म्हणताय? 'सांगितलं का' – काय सांगितलं का? कुणाला? – बाबांना?

... कापूस सरकेल. अर्धा तास बोलायचं नाही म्हटलं ना मी तुम्हाला. उठा, सावकाश, चक्कर आली तर भिंत धरा. टाका नाही घातलेला, आठ दिवसांनी दाखवा, तारीख बाहेर लिहून देतील. दार ओढून घ्या. नीट ओढा, अडकतं ते. – पुढचं कोण आहे, या आत.